उमेंद्रच्या कॅमेऱ्यातलं कार्ड

१

माणूस गेला, त्याचा कॅमेरा घरी परत आला, आणि उघडून पाहिलं तर आत कार्डच नाही.

फुलचूरच्या अंजू बिसेनचं दुःख असं दुहेरी होतं. नवरा उमेंद्र गेला हे एक, आणि त्यानं शेवटचं जे पाहिलं ते कोणीतरी उचलून नेलं हे दुसरं. पहिल्यावर काही इलाज नव्हता. दुसऱ्यासाठी ती हातात वर्तमानपत्राची घडी घेऊन प्रेमिला गजभियेंच्या ओट्यावर येऊन बसली.

प्रेमिलाबाई पोलिसातून जमादार म्हणून निवृत्त झालेल्या. निवृत्त म्हणजे वर्दी उतरवली एवढंच, चौकशा काही थांबल्या नव्हत्या. मोहल्ल्यात कोणाची कोंबडी हरवली तरी लोक आधी बाईंकडे यायचे, आणि बाई "मले दुसरं काम नाही का बाप्पा" असं कुरकुरत चपला पायात सरकवायच्या.

"मावशी, हे पाहा." अंजूनं पेपर उलगडला.

सारसांची जोडी होती. दोघं समोरासमोर, पंख पसरलेले, चोची वर. नाचून राहिले होते. खाली नाव होतं इंद्रकुमारचं. राइस मिलवाला इंद्रकुमार, उमेंद्रचा जिवाभावाचा दोस्त, आणि फोटोच्या बाबतीत उमेंद्रशी रोज भांडणारा. कुठल्याशा स्पर्धेत पहिला आला होता.

"हा फोटो उमेंद्रचा आहे," अंजू म्हणाली.

"कायच्यावरून म्हणून राहिली?"

"अख्खी थंडी ते रोज पहाटे दुधरामभाऊच्या बोडीवर, त्या तळ्यावर जात होते, ह्याच नाचासाठी. त्या दिवशीही गेले अन् तळ्याच्या बांधावर, पाळीवरच कोसळले. डॉक्टर म्हणाले, हार्ट. कोसळायच्या आधीच संपलं होतं सगळं. दुधरामभाऊनं ट्रॅक्टरवर टाकून दवाखान्यात आणलं. मी पोचले तर माझे सासरे, बाबूजी, आधीच तिथं बाकावर बसलेले. कॅमेऱ्याची बॅग त्यांच्या पायाशी. मी घरी येऊन उघडली, तर कार्ड गायब. तेव्हापासून कपाटात आहे तशीच, कुलपात. कोणाला हात लावू दिला नाही."

"पोलिसात काऊन नाही गेली?"

"एवढ्याशा कार्डासाठी? हसतील मले." अंजूनं पदरानं नाक पुसलं. "मले चोर नको, मावशी. फोटोचं बक्षीस त्यालाच लखलाभ होवो. मले फक्त ते कार्ड एकदा पाहायचं आहे. त्यांनी शेवटचं काय पाह्यलं, ते मले पाहू द्या. मी घरी भात लावून वाट पाहत होते, तेव्हा ते कशाकडे पाहून राहिले होते? एवढंच."

प्रेमिलाबाईंनी तिच्याकडे पाहिलं आणि त्या चपला शोधू लागल्या.

२

बिसेनांच्या घरात शिरलं की भिंतीभर पक्षी. धोबी, बगळे, टिटव्या, आणि सगळ्यांत वर सारस. एकेक फोटो असा की जवळ जाऊन पाहावं तर पिसातली रेघ न् रेघ दिसावी. ह्या सगळ्यांच्या मधोमध हार घातलेली एक तसबीर होती, आणि तीत कोण आहे हे सांगितल्याशिवाय कळलं नसतं. लायसन्सवरचा चिमुकला फोटो ताणून ताणून मोठा केलेला. नाक कुठं संपतं आणि गाल कुठं सुरू होतो, पत्ता नाही.

"दुसरा नव्हता का?" प्रेमिलाबाईंनी विचारलं.

"कुठून असणार? साऱ्या गोंदियाची लग्नं काढली ह्या माणसानं, अन् स्वतःचा एक फोटो नाही. मी रोज भांडायची. शेजारणी काय म्हणतील, नवरा फोटोग्राफर अन् घरात नवऱ्याचाच फोटो नाही! तर हसायचे. म्हणायचे, कॅमेऱ्यामागचा माणूस पुढं कसा येईल?"

प्रेमिलाबाईंना आपल्या घरची भिंत आठवली. तिथं बुद्धाच्या तसबिरीशेजारी त्यांच्या आईचा फोटो होता, दीक्षाभूमीवर गेलेल्या बायांच्या घोळक्यातून काढून मोठा केलेला. तो करून दिला होता ह्याच घरातल्या सेवकराम बिसेनांनी, त्यांचा स्टुडिओ गाजत होता तेव्हा. "मुळातच चेहरा चिंचोक्याएवढा आहे बाई," ते म्हणाले होते. "मोठा केला की फुटणारच." आणि फुटलाच. आईच्या डोळ्यांचे नुसते ठिपके झाले. तरी रोज सकाळी बाई त्या ठिपक्यांशीच बोलायच्या, करता काय?

सेवकराम आतल्या खोलीतून आले. फाल्गुनाची उन्हं तापायला लागली होती तरी म्हाताऱ्याच्या अंगावर शाल, आणि दोन्ही हात शालीच्या आत.

"या जमादारीणबाई. चोर पकडायला आल्या?"

"चोर कुठला, बिसेनभाऊ. चहा प्यायला आली."

अंजूनं चहा आणला. बाईंचा कप काठोकाठ, सासऱ्यांचा स्टीलचा पेला अर्धाच. त्यांनी तो दोन्ही हातांच्या ओंजळीत धरला आणि मान खाली नेऊन प्यायला. बाईंना वाटलं, पोरगा गेल्यापासून म्हातारा वाकला.

गप्पा जुन्या दिवसांच्या निघाल्या. पूर्वी पंचनाम्याचे फोटो काढायला पोलीस सेवकरामांनाच बोलवायचे. एकदा पावसाळ्यात नाल्यात पाय घसरला, कॅमेरा वाहून गेला, आणि हे पठ्ठे हसत वर आले. कारण रोल आधीच काढून काळ्या डबीत घालून खिशात टाकला होता.

"तुम्ही काय म्हणाले होते, आठवते?" प्रेमिलाबाई हसल्या. "कॅमेरा दुसरा मिळते, रोल दुसरा नाही मिळत! साहेब हसून हसून बेजार."

"सवय हो," सेवकराम म्हणाले, आणि शालीतून एक हात काढून त्यांनी सदऱ्याच्या खिशावरून फिरवला. खिशात तीच काळी डबी होती.

"सुपारी ठेवता वाटतं त्यात? द्या एक खांड."

"सुपारी सोडली बाई." म्हाताऱ्यानं हात पुन्हा शालीत घेतला आणि उठून आत गेला. बाईंना जरा विचित्र वाटलं, पण अंजू कॅमेऱ्याची बॅग घेऊन आली आणि ते राहून गेलं.

बॅगेत एक भली मोठी, दुधी भोपळ्याएवढी लेन्स वेगळी ठेवलेली होती. कॅमेऱ्याला लावलेली होती ती छोटी, बोटभर लांबीची.

"ही अशीच होती?"

"अशीच. मी काढली नाही, लावली नाही." अंजूनं कॅमेरा लेकरासारखा दोन्ही हातांनी पुढं केला. "घेऊन जा, पण परत आणजो मावशी."

३

इंद्रकुमारच्या मिलमध्ये तांदळाचा कोंडा उडत होता, आणि मागच्या खोलीत मात्र एसी आणि हा मोठा टीव्ही. प्रेमिलाबाईंनी बसायच्या आधीच विचारलं, "हा नाचाचा फोटो तुझाच का रे?"

इंद्रकुमारचा चेहरा उतरला. "अंजू भाभींनी पाठवलं ना? माहीत होतं मला. मॅडम, भाभींसमोर जायची हिंमतच झाली नाही. ज्या फोटोसाठी तो मेला तो मला मिळाला, काय सांगू त्यांना?"

त्यानं फोटो टीव्हीवर लावला. पेपरात जो राखाडी चिखल वाटत होता तो टीव्हीवर हिरवागार झाला. सारसांच्या पायाशी गुडघाभर धान उभं होतं, लोंबी नुकती धरलेली.

प्रेमिलाबाई पुढं झुकल्या. धान असं दसऱ्याच्या आसपास दिसतं. उमेंद्र गेला तो थंडी सरता सरता, तेव्हा धानाच्या बांध्यांत नुसती धसकटं होती. हा फोटो त्या सकाळचा असूच शकत नव्हता. बिचाऱ्या अंजूनं पेपरातलं एवढंसं चित्र पाहिलं आणि जीव तिथंच अडकला.

"बरं, तू चोर नाही," बाई म्हणाल्या. "आता मले शिकव. तुमचं भांडण काय होतं रोजचं?"

इंद्रकुमार हसला. हसताना त्याचे डोळे भरून आले. "कॅमेऱ्याचा दम तेवढाच असतो मॅडम. मोठा, बारकाव्याचा फोटो पाहिजे तर एका दमात थोडे निघतात. धडाधड पाहिजे, तर साइज छोटी करावी लागते. दोन्ही एकदम मिळत नाही. हा झगडा कंपन्यांना सुटला नाही, तर आम्हाला काय सुटणार?"

"म्हणजे नळाची धार तेवढीच. पाण्याचा एक मोठा गुंड भरा नाही तर ढीगभर गिलास भरा."

"बस्स! उमेंद्र गुंडवाला, मी गिलासवाला. तो म्हणायचा, पिसाची रेघ दिसली नाही तर सारस काढला कायले? मी म्हणायचो, अरे, पंख उघडायच्या टायमाला तुझं बटण हुकलं तर पिसं चाटशील का? दोघंही हट्टी. त्यानं आयुष्यात साइज कमी केली नाही. लग्नातही नाही. नवरदेव पळून गेला तरी चालेल, पण फोटो फुल साइज!"

बोलता बोलता त्यानं आपली बॅटरी उमेंद्रच्या कॅमेऱ्यात घातली आणि बटण दाबलं. स्क्रीन उजळली. इंद्रकुमारचं हसू तिथंच थांबलं.

"ये किसने किया?" तो पुटपुटला.

४

कॅमेरा लावलेला होता सगळ्यात छोट्या साइजवर आणि सगळ्यात जास्त स्पीडवर.

"चुकून झालं असेल," प्रेमिलाबाई म्हणाल्या.

"नाही होत. मेनूत आत जाऊन, दोन ठिकाणी बदलावं लागतं. अन् ही लेन्स पाहा. ही त्याची लग्नाची लेन्स! सारस बोडीच्या पार मध्यात असतात. ह्या लेन्सनं ते मुंगीएवढे दिसतील. मोठी लेन्स बॅगेत, अन् ही छोटी वर? काय करत होता हा माणूस?"

प्रेमिलाबाई कॅमेऱ्याकडे पाहत राहिल्या. इंद्रकुमारला वाटलं बाईंना काही कळलं नाही. पण त्या आतल्या आत एकेक गोष्ट ओळीनं मांडत होत्या. सारस काही चिमणी नाही, पंख उघडायलाही सवड घेतो. त्याच्यासाठी एवढा वेग नको. आणि छोट्या लेन्समध्ये दूरचं काही येत नाही. म्हणजे त्या सकाळी समोर सारस नव्हताच. समोर जवळचं काहीतरी होतं, माणूस असेल. आणि स्वतःसाठी उमेंद्रनं साइज कधी कमी केली नसती.

"मले सांग, तू एवढ्या स्पीडवर कॅमेरा दुसऱ्या कोणाच्या हातात कधी देते?"

"नवखा असेल तर. त्याला सांगायचं, दाबून धर, सोडू नको. ढीगभर निघतात, त्यातला एखादा तरी धड येतो."

"म्हणजे उमेंद्रनं कॅमेरा दुसऱ्याच्या हातात दिला होता," बाई उठल्या. "अन् तो दुसरा माणूस आजवर बोलला नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या बोडीवर गेल्या. पाळीवरच्या मोहाच्या झाडाखाली फुलांचा सडा होता आणि दुधराम टोपलं घेऊन वेचत बसला होता. ह्याच्याच बांधीत सारसांनी घरटं केलं होतं, आणि उमेंद्रच्या सांगण्यावरून त्यानं धानाचा तेवढा तुकडा न कापता ठेवला होता. उमेंद्र त्याला भावासारखा.

"दुधराम, त्या दिवशी कॅमेरा तुझ्या हातात होता का?"

"मायबाई! मी कायले हात लावू त्याले? फुटला तं?" दुधरामनं हात झटकले. "मी तिकडं बांधीत होतो. हाक आयकू आली, तसा पयत आलो. पाह्यतो तं भाऊ पाळीवर पडून. मंग ट्रॅक्टर काढला."

"कार्ड कोणी काढलं?"

"मले का मालूम, बाई."

प्रेमिलाबाई परत निघाल्या. मोटारसायकलवर त्यांना घेऊन आलेला पुतण्या किक मारत होता. बाईंनी पाय टाकला आणि तसाच परत खाली घेतला. अंजू म्हणाली होती, डॉक्टरच्या मते कोसळायच्या आधीच सगळं संपलं होतं.

त्या मागं वळून तरातरा मोहाखाली आल्या. "दुधराम, मेलेला माणूस हाक मारते का रे?"

दुधरामच्या हातातलं टोपलं कलंडलं.

"कोणाची हाक होती?"

तो फुलं भरत राहिला. खाली मान घालूनच बोलला, "मले शपथ घातली हाये, बाई. मारलं तरी नाव नाही सांगणार. पन तुमी ज्याले शोधून राहिले ना, तो चोर नोहे. चोर असा रडते का? दवाखान्यापर्यंत ट्रॉलीत भाऊचं डोकं मांडीवर घेऊन बसला होता."

५

घरी येऊन प्रेमिलाबाई आईच्या फोटोसमोर बसल्या. कूकरच्या शिट्ट्या झाल्या तरी उठल्या नाहीत.

नवखा माणूस, म्हणाला होता इंद्रकुमार. पण नवखा माणूस कॅमेऱ्यातून कार्ड काढील? त्याला कार्ड कुठं असतं तेच ठाऊक नसतं. माणूस कोसळला, सगळी धावपळ, आणि त्या धावपळीत ज्याचा हात आपोआप कार्डाकडे गेला, तो नवखा नव्हता. तो जुना होता. इतका जुना, की कॅमेरा बॅगेत ठेवायच्या आधी आतला माल काढून खिशात टाकायचा हे त्याच्या हाडात मुरलेलं होतं.

मग अशा जुन्या माणसासाठी उमेंद्रनं वेग का वाढवला? नवख्याला वेग देतात कारण त्याला नेमकी वेळ साधत नाही. आणखी कोणाला साधत नाही?

बाईंच्या डोळ्यापुढं अर्धा भरलेला पेला आला. फाल्गुनातली शाल आली. शालीत लपवलेले हात आले. सुपारी सोडून दिलेल्या माणसाच्या खिशातली डबी आली. दवाखान्यात सुनेच्या आधी पोचलेले बाबूजी आले.

"आई गं," प्रेमिलाबाई फोटोला म्हणाल्या, "मी चहा प्याली त्याच्यासमोर बसून, अन् मले दिसलं नाही."

फुलचूरला पोचल्या तेव्हा अंजू अंगणात कपडे वाळत घालत होती. बाई कॅमेऱ्याची बॅग घेऊन सरळ आतल्या खोलीत गेल्या. सेवकराम खाटेवर बसले होते.

"बिसेनभाऊ, हात दाखवा."

म्हाताऱ्यानं त्यांच्याकडे पाहिलं. मग हळूच शाल बाजूला केली. हात मांडीवर थरथरत होते, दोन्ही, थांबायचं नाव नाही.

"किती वर्षं झाली हो?"

"स्टुडिओ बंद केला तेव्हापासून." आवाज साफ होता. "लोकांना सांगितलं, डोळे गेले. डोळे कुठले, हात गेले. फोटो हलायला लागले बाई. एका नवरीचा अख्खा अल्बम हलला. तिच्या बापासमोर मान वर करता आली नाही. त्या दिवशी कॅमेरा ठेवला तो ठेवलाच. उमेंद्र मागं लागायचा, बाबूजी, एकदा हातात घ्या. मी चिडायचो."

"अन् त्या दिवशी?"

"त्या दिवशी म्हणाला, बाबूजी, आता असा कॅमेरा आला आहे की हात हलला तरी चालते. छोटी साइज ठेवतो, फुल स्पीड ठेवतो. हात थरथरताना मधे कुठंतरी थांबतोच ना, त्या थांबण्यात एक फोटो सापडेल." सेवकराम हसले, पण ते हसू टिकलं नाही. "माझा पोरगा, बाई. जन्मभर साइज कमी केली नाही त्यानं. बापासाठी केली. मला गंजबाजारात जातो म्हणून सांगायला लावलं अन् मोटारसायकलवर मागं बसवून घेऊन गेला."

"पण सांगितलं काऊन नाही कोणाला? पोरगी झुरून राहिली."

सेवकरामांनी दाराकडे पाहिलं. आवाज खाली आणला. "फोटो त्याचाच काढायचा होता. अंजूसाठी. ती रोज म्हणायची ना, घरात नवऱ्याचा एक फोटो नाही. लग्नाचा वाढदिवस येत होता. उमेंद्र म्हणाला, तिला देऊ, अन् काढला कोणी ते सांगू तेव्हा पाहा कशी उडेल. पाळीवर उभा राहिला तो. मी बटण दाबून धरलं. हसत होता. मग खाली बसला. मला वाटलं, गंमत करतो. मी बोट काढलं नाही, बाई. माझा पोरगा जात होता अन् मी फोटो काढत होतो."

प्रेमिलाबाई खाटेच्या कडेला टेकल्या. पोलिसात जन्म गेला, पण असल्या कबुलीजबाबाला काय म्हणायचं हे कोणी शिकवलं नव्हतं.

"तिला कसं सांगू? तुझ्या हट्टासाठी तो तिथं उभा होता? पोरीनं जन्मभर स्वतःला कोसलं असतं. त्यापेक्षा चोरी झाली म्हणू दे, शिव्या घालू दे कोणालाही. मी दुधरामला शपथ घातली."

दारात काहीतरी पडलं. ओल्या कपड्यांची बादली होती. अंजू उंबऱ्यावर उभी होती आणि तिनं सगळं ऐकलं होतं.

६

अंगणात बादलीतलं पाणी वाहत गेलं.

"मी म्हटलं नसतं तर," अंजू म्हणाली, "तर ते गेलेच नसते बोडीवर त्या दिवशी."

"गेला असता," प्रेमिलाबाई ठणकावून बोलल्या. "अख्खी थंडी रोज जात होता तो, तूच सांगितलं मले. डॉक्टर काय म्हणाले ते विसरली का? घरात असता तर घरात झालं असतं. वेडेपणा करू नको."

अंजू सासऱ्यांजवळ जाऊन खाली जमिनीवर बसली. तिनं त्यांचे दोन्ही हात आपल्या हातात घेतले आणि घट्ट धरले. हात थरथरतच राहिले, आता तिचेही.

"बाबूजी, तुम्ही एकटेच घेऊन फिरले इतके दिवस? मले एक शब्द नाही?"

म्हाताऱ्यानं खिशातून डबी काढली, पण झाकण त्याला उघडेना. अंजूनं उघडलं. आत काळ्या कागदाची बारीक घडी होती, आणि घडीत कार्ड.

"कागद कायले गुंडाळला?" प्रेमिलाबाईंनी विचारलं.

"उजेड लागू नये म्हणून." सेवकराम ओशाळले. "माहीत आहे, कार्डाला उजेड लागत नाही. पण हाताला कोण समजावील? रोलच समजतो तो अजून."

"तुम्ही पाह्यलं आहे का हे?"

"कशात पाहणार? कॅमेरा तिच्या कपाटात कुलपात. रोज खिशाला हात लावून पाहायचो, तेवढंच."

इंद्रकुमारनं बॅटरी काढून घेतली नव्हती. अंजूनं कार्ड घातलं, कॅमेऱ्याचं झाकण बंद केलं, बटण दाबलं. बाईंना वाटलं आपण बाहेर जावं. पण त्याही स्क्रीनवर वाकल्या.

आधी आभाळच आलं, तिरपं. मग पाळ, मग कोणाचा तरी बूट. सगळं हललेलं. अंजू अंगठ्यानं चाक फिरवत गेली. आणि मग उमेंद्र आला. तिनंच विणलेला मळकट स्वेटर, वाऱ्यानं उडालेले केस, आणि मागं दूर बोडीत दोन पांढरट ठिपके. सारस असावेत.

"हे माय," अंजू एवढंच म्हणाली.

पुष्कळसे फोटो हललेले होते. पण मधे मधे, उमेंद्र म्हणाला होता तसंच, हात कुठंतरी थांबला होता, आणि तिथं तो लख्ख दिसत होता. अंजूनं चाक जरा भरभर फिरवलं. तो सिनेमातल्यासारखा हलला. ओठ उघडले, काहीतरी बोलला. हात वर केला, मागच्या सारसांकडे दाखवला, मान वळवली आणि हसला. पूर्ण हसला, दात दिसेपर्यंत. तसा हसताना ह्या घरात त्याला कोणी शेवटचं कधी पाहिलं होतं कोणास ठाऊक. आज त्याला दोघींनी पाहिलं.

मग त्याचा हात छातीशी जायला लागला, आणि अंजूचा अंगठा तिथंच थांबला.

"पुढचं नको पाहू बेटा," प्रेमिलाबाई म्हणाल्या.

"नाही पाहत." तिनं चाक उलटं फिरवलं. हात छातीवरून खाली आला, हसू परत आलं. "मले पाहायचं होतं, ते शेवटचं कशाकडे पाहत होते. तुमच्याकडे पाहत होते बाबूजी."

सेवकरामांनी तोंडावर शाल ओढली. थोड्या वेळानं शालीतूनच म्हणाले, "भिंतीवर लावायला मोठा नाही करता येणार, बेटा. छोट्या साइजचा आहे. फुटेल."

"भिंतीवर नाही लावायचा. भिंतीवरचा तर मी काढूनच टाकते उद्या." अंजूनं डोळे पुसले आणि कॅमेरा त्यांच्या हातात दिला. "तुम्ही काढलेला आहे. तुम्ही तर पाहिलाच नाही अजून. घ्या."

म्हाताऱ्यानं कॅमेरा ओंजळीत घेतला, चहाचा पेला घ्यायचा तसा. चष्मा कपाळावर सारला आणि स्क्रीन डोळ्याजवळ नेली. अंजूनं त्यांचा अंगठा धरून चाकावर ठेवला.

अंगठा काही स्थिर राहीना. चाक एक घर पुढं जायचं, एक घर मागं यायचं, पुन्हा पुढं. बाबूजींचा हात थरथरत होता, आणि स्क्रीनवर उमेंद्र मान वळवत होता, हसत होता, थांबत होता, परत हसत होता.